स्पाइक मिलिगन वेडाच्या भरात विनोदी झाला नाही

ब्रिटिश रेडिओवरचा विनोदी लेखक-नट स्पाइक मिलिगन याच्याबद्दलचा एक मजकूर अधूनमधून नव्यानं फिरायला लागतो. त्याचं सार असं: हा आपल्या नगरचा माणूस, गाणंबजावणं हा त्याचा नुसता छंद, ‘गून शो’ हा बीबीसी रेडिओचा विनोदी कार्यक्रम त्यानं एकट्यानं, वेडाच्या झटक्यात लिहिला, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूपैकी तो एक, इंग्लंडनं त्याला ‘सर’ केलं, आणि त्याच्या थडग्यावर इंग्रजीत कोरलंय, ‘सांगत होतो ना, मला बरं नाही’. पहिला दावा अर्धा खरा आहे. बाकीच्यांत कमीजास्त भेसळ आहे, आणि छंदाच्या व वेडाच्या दाव्यांनी तर माणूसच उलटा टांगलाय.

‘नगरचा माणूस.’ जन्म नगरचा, हे खरं. १६ एप्रिल १९१८, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. पाळण्यातलं नाव टेरेन्स अ‍ॅलन. वडील लिओ हे मूळचे आयर्लंडचे आणि ब्रिटिश तोफखान्यात नोकरीला, आई इंग्लिश. बालपण पुण्याच्या कॅम्पात आणि तिथल्या कॉन्व्हेंट शाळेत गेलं, मग बदलीबरोबर रंगून, मग इंग्लंड. म्हणजे नगर-पुणं त्यानं पाहिलं ते छावणीच्या कुंपणाआतून. ‘आपल्या मातीतला’ म्हणताना एक गोष्ट सोयीनं गाळली जाते. १९६९ साली लंडन वीकेंड या टीव्ही वाहिनीच्या एका मालिकेत त्यानं तोंडाला रंग फासून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार रंगवला. सहा भागांनंतर ती बंद पडली. गून शोमधली लालकाका आणि बॅनर्जी या पात्रांची जोडीही साहेबाच्या कानानं ऐकलेल्या हिंदुस्थानी इंग्रजीवरच उभी आहे. अभिमान बाळगायचा तर हेही पदरात घ्यावं लागतं.

‘संगीत नुसता छंद.’ हा दावा सगळ्यात चुकीचा, म्हणून इथे जरा थांबू.

‘स्पाइक’ हे नावच एका वाद्यवृंदाकडून आलं. रेडिओ लक्झेंबर्गवर त्यानं स्पाइक जोन्सचा बँड ऐकला आणि टेरेन्सचा स्पाइक झाला. जोन्सच्या बँडमध्ये पिस्तुलाचे बार, गाईच्या गळ्यातल्या घंटा, मोटारीचे भोंगे हे सगळं वाजायचं, पण तालात. ढोलाच्या जागी बार येणार असेल तर तो त्याच मात्रेवर यायचा. गोंगाट हेही वाद्य आहे आणि त्यालाही सम असते, ही गोष्ट मिलिगननं तिथे ऐकली. पुढचं त्याचं रेडिओवरचं काम बरंचसं याच वाटेनं गेलेलं दिसतं.

दुसऱ्या महायुद्धाआधी तो दक्षिण लंडनमध्ये जॅझ वाजवत होता: ट्रम्पेट, गिटार, शिवाय गाणं. मग तोफखान्यात सिग्नलर, उत्तर आफ्रिका, इटली. १९४४ च्या जानेवारीत मोंते कासिनोच्या आघाडीवर उखळी तोफेच्या माऱ्यात पायाला जखम झाली आणि मनालाही जबर धक्का बसला. बाहीवरची बढतीची पट्टी गेली, पुन्हा साधा गनर. त्यानंतर त्याला सावरलं ते गिटारनं. बिल हॉलचं व्हायोलिन, जॉनी मलग्रूचा डबल बेस आणि मिलिगनची गिटार असं त्रिकूट फौजेच्या करमणुकीसाठी वाजवायचं, आणि फौजेतून सुटल्यावरही काही काळ इटलीतच वाजवत राहिलं. रेडिओच्या आधी याच्यावर त्याचं पोट होतं. पोट चालतं त्याला छंद कोण म्हणेल?

आता १९५६ सालचं ‘यिंग टाँग’ हे गाणं घ्या. भावानं पैज लावली होती म्हणे, की फक्त दोन कॉर्डचं (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचा स्वरांचा झुबका) गाणं हिट परेडमध्ये, म्हणजे खपाच्या यादीत, नेऊन दाखव. कॉर्ड दोनच: जी आणि डी-सेव्हन. ब्रिटनच्या यादीत गाणं तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. यात कसब काय, ते पेटी पुढ्यात घेऊन बघता येतं. जी ला सा धरा. पहिली कॉर्ड सा-ग-प. दुसरी प-नी-रे-म. दुसऱ्या कॉर्डमधला नी अर्ध्या स्वरानं वर सा कडे ओढतो आणि शुद्ध म अर्ध्या स्वरानं खाली ग कडे उतरतो. दोन्हीकडून ओढ एकाच घराकडे. तिसरी कॉर्ड नसल्यामुळे कानाला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही. तो घरी जातो, पुन्हा बाहेर पडतो, पुन्हा घरी. शब्द संपूर्ण निरर्थक असूनही गाणं कोसळत नाही ते या खुंट्यामुळे. गाताना लोक चुकतात ते नेमकं इथेच. गंमत करायची म्हणून लय सैल सोडतात, मध्येच हसतात, आणि उरते नुसती बडबड. लय घड्याळासारखी ठेवली तरच शब्दांचा वेडेपणा उठून दिसतो.

त्याच वर्षीचं ‘नाताळसाठी उलटा चालतोय’ या अर्थाचं गाणंही वाद्यांच्या अडचणीतून आलं. गून शोचा अर्धा तास तीन तुकड्यांत असायचा आणि मधल्या दोन फटींत मॅक्स गेल्ड्रेची माऊथ ऑर्गन आणि रे एलिंग्टनची चौकडी. वादकांचा संप झाला, फट रिकामी पडली, ती मिलिगननं स्वतःच्या गाण्यानं भरली. तेही चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं.

‘वेडाच्या झटक्यात, एकट्यानं.’ २८ मे १९५१ ला हा कार्यक्रम ‘क्रेझी पीपल’ नावानं बीबीसीवर सुरू झाला, पुढच्या वर्षी त्याचं ‘द गून शो’ झालं, आणि २८ जानेवारी १९६० ला शेवटचा भाग गेला. बहुतेक मोसमांत दोन डझनांहून जास्त भाग. मुख्य लेखणी मिलिगनची, यात वाद नाही. पण लॅरी स्टीफन्स सुरुवातीपासून सहलेखक होता, एरिक साइक्सनं पुष्कळ भाग लिहिले, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया भागातल्या पबचा मालक जिमी ग्राफ्टन यानं पहिल्या संहिता हाताखालून काढल्या. त्याच्यासोबत पात्रांना आवाज देणारे पीटर सेलर्स आणि हॅरी सेकम नसते तर ते कागद कागदच राहिले असते.

आजाराचं म्हणाल तर हिशेब नेमका उलटा आहे. १९५२ च्या डिसेंबरात मिलिगन पूर्ण कोसळला, बटाटे सोलायचं सुरीवजा हत्यार घेऊन सेलर्सच्या अंगावर जायला निघाला, आणि इस्पितळात दाखल झाला. त्या काळातले भाग त्याच्याविना झाले. आजारानं लिहून दिलं नाही, लिहिणं बंद पाडलं. पुढे आयुष्यभर असे झटके येत राहिले.

वेडाच्या भरात काय होत नाही ते पाहायचं तर ध्वनिपरिणामांकडे बघावं. तेव्हा आवाज दोन मार्गांनी यायचे: रंगमंचावर माणूस उभा राहून करायचा ते, आणि तबकड्यांवरून वाजवायचे ते. धावणारी पावलं दूर जातात, वेग अशक्य वाढतो, मग दार आपटतं, अशा साध्या गमतीतही तीन आवाजांची साखळी आहे. तबकडी जोरात फिरवली की वेगाबरोबर स्वरही चढतो, म्हणून पावलं उंदरासारखी वाजायला लागतात. दार अर्ध्या सेकंदानं उशिरा आपटलं की प्रेक्षकांचं हसू आधीच सुटलेलं असतं आणि पुढचं वाक्य त्यात बुडतं. लवकर आपटलं तर पावलं किती लांब गेली ते कळायच्या आत गंमत संपते. मिलिगन या अंतरांवरून बीबीसीच्या माणसांशी भांडायचा. त्यांना तो त्रास वाटायचा, पण कान त्याचा बरोबर होता.

चुकायचाही. मोज्यात कस्टर्ड भरून आपटल्यावर येणारा आवाज त्याला हवा होता. कॅन्टीनमधून ताजं कस्टर्ड करवून घेतलं, पायातले मोजे काढून त्यात ओतलं, गरगरा फिरवून आपटलं, आणि हवा तो आवाज आलाच नाही, अशी हकिकत सांगतात. रेडिओवर खरी वस्तू खरी वाटेलच असं नाही. नारळाच्या करवंट्या घोड्यापेक्षा जास्त घोडा वाजतात. पुढे १९५८ साली बीबीसीचा नवे आवाज घडवणारा रेडिओफोनिक विभाग निघाला, आणि मेजर ब्लडनॉक या पात्राच्या पोटातली गुडगुड ही त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक.

‘पायथनमधला एक.’ नव्हता. त्याची ‘क्यू फाइव्ह’ ही दूरचित्रवाणी मालिका मार्च १९६९ मध्ये आली, पायथन त्याच ऑक्टोबरात. शेवटाविना प्रसंग सोडून देण्याची रीत मिलिगननं आधी वापरली, हे पायथनवाल्यांनी स्वतःच मान्य केलंय. पायथनचा दिग्दर्शक इयन मॅकनॉटनही ‘क्यू फाइव्ह’कडूनच आला. १९७९ च्या पायथनपटात मिलिगन दिसतो, कारण तो तेव्हा जुन्या रणभूमी बघायला ट्युनिशियात होता आणि चित्रीकरणही तिथेच चाललं होतं.

‘सर.’ २००१ साली मिळालेला किताब मानद होता, आणि मानद किताबवाल्याला नावामागे ‘सर’ लावता येत नाही. जन्म भारतातला, त्यामुळे १९६२ च्या कॉमनवेल्थ कायद्यानंतर त्याला ब्रिटिश पासपोर्टसाठी राणीच्या निष्ठेची शपथ घ्यावी लागत होती. तो घेईना, वडिलांच्या नात्यानं आयरिश नागरिक झाला, म्हणून किताब मानद.

थडगं. २७ फेब्रुवारी २००२ ला, ८३ व्या वर्षी, तो ससेक्समध्ये वारला. विंचेल्सीच्या सेंट थॉमस चर्चच्या आवारात थडगं आहे. ते वाक्य इंग्रजीत कोरायला चर्चच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. तडजोड म्हणून ते आयरिश भाषेत कोरलं गेलं, त्यामुळे वाक्य पाठ असलेल्यालाही ते दगडावर शोधावं लागतं. इंग्रजीत आहे ती कामांची यादी: लेखक, चित्रकार, संगीतकार, मानवतावादी आणि सगळ्यात शेवटी विनोदकार.