दोन चर्च एकत्र आणायचीत? सोपं आहे!

परवा एका व्याख्यानात वक्त्यांनी १४५३ मध्ये ग्रीक ख्रिश्चनांची राजधानी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडली त्याचा निकाल एका वाक्यात लावला. "ग्रीक हट्टी. पोपशी जुळवून घेतलं असतं तर वाचले असते." टाळ्या! प्रश्न विचारायला अर्थातच वेळ उरला नव्हता. तेव्हा रोमचं पोपचं चर्च आणि कॉन्स्टँटिनोपलचं ग्रीक चर्च जुळवू पाहणाऱ्या अशा हौशी समेटकर्त्यांसाठी हे मार्गदर्शन.

सुरुवात बहिष्काराने करावी. १०५४ मध्ये पोपचा दूत कार्डिनल हंबर्टने कॉन्स्टँटिनोपलच्या मुख्य चर्चच्या, हागिया सोफियाच्या वेदीवर पॅट्रिआर्कला, म्हणजे ग्रीक चर्चच्या प्रमुखाला, बहिष्कृत करणारं पत्र ठेवलं. ज्या पोपने त्याला पाठवलं, तो तीन महिन्यांपूर्वीच वारला होता. किरकोळ बाब.

मग १२०४ मध्ये क्रुसेडरांनी, म्हणजे पश्चिमेच्या धर्मयोद्ध्यांनी, त्यांचं कॉन्स्टँटिनोपल लुटावं.

सत्तर वर्षांनी, १२७४ मध्ये, फ्रान्समधल्या लियोंला धर्मसभा भरवावी. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट आठव्या मिखाइलला सिसिलीच्या राजाच्या स्वारीची धास्ती होती, म्हणून त्याने पोपच्या चर्चशी ऐक्य मान्य केलं. प्रजेला विचारू नये. कुरकुरणाऱ्यांना, नातलगांनासुद्धा, तुरुंगात टाकावं. बक्षीस? १२८१ मध्ये नव्या पोपने त्यालाच बहिष्कृत केलं आणि पुढच्या वर्षी तो मेला तेव्हा त्याच्याच चर्चने अंत्यविधी नाकारला.

तरी हौस फिटली नसेल तर दुसरी धर्मसभा, फेरारा आणि फ्लॉरेन्सला. १४३८ मध्ये तेव्हाचा सम्राट, पॅट्रिआर्क आणि सुमारे ७०० माणसं इटलीत आली. खर्च पोपचा, म्हणून भत्ता रखडवता येतो. पवित्र आत्मा पित्यापासूनच निघतो की पुत्रापासूनही, भाकर खमिराची की बेखमीर, यावर महिनोन्‌महिने खल करावा. पॅट्रिआर्क तिथेच वारला. ६ जुलै १४३९ ला ऐक्याचा ठराव झाला. इफिससचा ग्रीक बिशप मार्क याने सही केली नाही. ज्यांनी केली, त्यांतल्या कित्येकांनी घरी परतल्यावर हात झटकले. बदल्यात कबूल केलेलं, तुर्कांविरुद्धचं क्रुसेड १४४४ मध्ये वार्ना इथे गारद झालं. डिसेंबर १४५२ मध्ये हागिया सोफियात ऐक्याची घोषणा झाली; त्यासाठी पोपचा कार्डिनल इसिडोर आला होता, सोबत सुमारे २०० सैनिक. तुर्कांच्या सुलतानाची फौज हजारोंची. आणि घोषणेनंतर लोकांनी त्या चर्चची पायरी चढणंच सोडलं!

जुळवून घेतलं असतं तर? अहो, घेतलं होतं! दोनदा, लेखी, धर्मसभेत! ते कागदावरच राहिलं, कारण ज्यांच्या आजा-पणजांची घरं लॅटिनांनी, म्हणजे पोपच्या पश्चिमी ख्रिश्चनांनी, लुटली त्यांना कुणी विचारलंच नाही. १२०४ हा आकडा एकदाही न उच्चारता तुम्ही तासभर १४५३ वर बोललात. लाज वाटायला हवी. आणि टाळ्या पिटणाऱ्यांनो, तुम्हालाही.