‘वसुलीवाला म्हणेल ते भरा’ म्हणे!

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सिबिलवर थकबाकी लागली की सात वर्षं सुटका नाही. तक्रार केली तर स्कोअर आणखी पडतो. वसुलीवाल्याशी तडजोड करा, रिपोर्ट साफ होईल.’ तिन्ही वाक्यं चुकीची, आणि तिसरं तर खिशाला कात्री लावणारं.

सिबिलसारख्या क्रेडिट कंपन्या, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या, या नोंदी सात वर्षं जपतात हे खरं. पण न घेतलेलं मोबाइलचं कर्ज किंवा फेडूनही चालू दिसणारा हप्ता तितकी वर्षं सोसायचं कारण नाही. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा हक्क २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज कायद्यानेच दिलाय.

चुकीच्या नोंदीबद्दल सिबिलकडे केलेल्या तक्रारीने स्कोअर पडत नाही, फीही लागत नाही. ‘सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणणारे मधले लोक याच फुकट कामाचे पैसे घेतात. फक्त एक लक्षात घ्या, सिबिल स्वतःहून आकडा बदलत नाही, बँकेने होकार द्यावा लागतो. म्हणून एनओसी (कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र) असेल तर ती जोडून बँकेलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. निकालाला ३० दिवस, त्यातले २१ बँकेचे. मुदत उलटली की रोज १०० रुपये भरपाई. हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, तेही फुकट. (पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र लोकपाल नाही, सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जावं लागतं.)

आता तडजोड. साठ हजारांच्या थकबाकीवर पंचवीस हजार भरले, फोन थांबले, माणूस निवांत. पुढे घरकर्जाला गेला की बँकेचा माणूस रिपोर्टमधल्या त्या खात्यापुढचा ‘सेटल्ड’ हा शेरा दाखवतो. ‘क्लोज्ड’ वेगळं, ‘सेटल्ड’ वेगळं: दुसऱ्याचा अर्थ बँकेने उरलेल्या रकमेवर पाणी सोडलं, आणि पुढचा कर्ज देणारा तेच बघून बिचकतो. ऐपत असेल तर उरलेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ करून घ्या. आणि थकबाकी मुळात तुमची नसेलच, तर एक रुपयाही देऊ नका. भरलेला रुपया म्हणजे देणं कबूल केल्याचा पुरावा.

चारही क्रेडिट कंपन्यांचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. सिबिलमध्ये दुरुस्ती झाली म्हणून एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्कमध्येही झाली असं धरून चालू नका.