मावशीची सोमवारची गोळी

मावशीने सोमवारची गोळी बंद केली आणि मला कळेपर्यंत चार सोमवार उलटून गेले. दोन वर्षांपूर्वी बादली उचलताना तिचा मणका दबला, तेव्हापासून ती ॲलेंड्रोनेट घेते, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. विचारलं तर तिने भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवला: ‘हाडांची गोळी म्हणजे विष. मांडीचं हाड काडीसारखं मोडतं, जबडा कुजतो, एकदा घेतली की जन्मभर सुटत नाही. आजच सगळी औषधं बंद करा, नाचणी-तीळ खा.’

मांडीचं आधी, कारण मावशी त्यालाच घाबरली. ते साफ खोटं नाही, एवढं मला कबूल करावंच लागतं. ही गोळी बरीच वर्षं घेतल्यावर क्वचित एखादीचं मांडीचं हाड फारसा मार न लागताही मोडतं. पण क्वचित म्हणजे किती? ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२० साली अशी औषधं घेणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या १,९६,१२९ बायकांचा अभ्यास छापून आला. त्यांत असं हाड मोडलं २७७ जणींचं. आशियाई वंशाच्या बायकांना हा धोका जास्त, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा मांडलाय: दहा हजार जणींनी तीन वर्षं औषध घेतलं तर अशी ८ फ्रॅक्चर होतात आणि खुब्याची ९१ टळतात. मेसेज लिहिणाऱ्याने आठ सांगितली, एक्क्याण्णव गिळली! माझ्या आजीचा खुबा मोडला होता. त्यानंतर ती अंगणातसुद्धा उतरली नाही. हे मावशीने स्वतः पाहिलंय, तरी ती या मेसेजला भुलली, म्हणून माझा संताप होतो. मांडीत किंवा जांघेत सतत दुखायला लागलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, हे खरं सांगण्यासारखं होतं. ते त्यात नाही.

जबड्याचा त्रास बहुतेक कॅन्सरच्या रुग्णांत दिसतो, त्यांना ही औषधं कितीतरी मोठ्या मात्रेत देतात. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधी कल्पना द्या.

जन्मभर सुटत नाही? साधारण पाच वर्षांनी डॉक्टर पुन्हा तपासून गोळी थांबवता येईल का ते बघतात.

नाचणी जरूर खा, शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाड झिजवणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. नाचणी बांधकामाला माल पुरवते, त्या पेशींना आवरत नाही. ते काम गोळीचं.

आणि ‘आजच सगळी बंद करा’ हे तर घातकच. हाडांच्या ठिसूळपणावरच डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन असतं, दर सहा महिन्यांनी. ते मध्येच सोडून दुसरं औषध घेतलं नाही, तर हाडांची झीज उसळी मारते आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. मंडळातल्या दोघी ते घेतात, असं मावशी म्हणाली. त्यांच्या पुढच्या तारखा विचारून घे म्हटलंय तिला, आजच.