ड्रायव्हरला झोपायला जागा द्या हो, गाडीत एसी लावून झोपू देऊ नका

मागच्या मे महिन्यात चोपड्याकडे चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं, ऊन ४४ च्या वर, वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती उठल्या की आम्ही सगळे कूलरसमोर आडवे. आमचे ड्रायव्हर, पन्नाशीचा माणूस, पहाटे चारपासून गाडी चालवत होते, त्यांना कोणी विचारलंच नाही की भाऊ तुम्ही कुठे टेकणार. त्यांनी सावली बघून कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी घातली, तीन बाजूंनी बंद शेड, इंजिन चालू, एसी फुल, काचा बंद, आणि सीट मागे करून झोपले. साडेतीनला मी चहा घेऊन गेलो तर काच वाजवून वाजवून उठेनात. उठले तर डोकं फुटतंय म्हणाले, दोन पावलं टाकली अन् उलटी.

आता आपल्याकडे मे महिन्यात असं झालं की एकच निदान, ऊन लागलं! कोणी कांदा फोडला, कोणी पन्हं आणायला पळालं, मी पण तेच समजलो. पण माणूस एसीत झोपलेला, अंगाला हात लावला तर गार, मग ऊन लागेल कसं? डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, गाडी कुठे उभी होती. धुरातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणाले, आणि लगेच ऑक्सिजन लावला. रात्री बरे झाले, देवाची कृपा.

हा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला कळतच नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सुद्धा फसतं, रीडिंग चांगलं दाखवतं. गाडी पेट्रोलची असो, डिझेलची की सीएनजीची, एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो, म्हणजे एसी चालू तर धूर चालू, आणि बंद जागेत तो धूर फिरून आत येतो. काच थोडी खाली ठेवली की झालं असं लोक सांगतात, ते शेडमध्ये अजिबात खरं नाही, बाहेरच धूर भरलाय तर काचेतून काय येणार? सायलेन्सर मधेच गळत असेल तर मोकळ्या जागेतही धोका आहे, आणि पीयूसी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, ती तपासणी मागच्या टोकाला होते, खालच्या जॉइंटला नाही.

एसीत बसायचंच तर गाडी उघड्यावर, सायलेन्सरसमोर भिंत-पोती काही नको, थोडाच वेळ आणि जागं राहून. डोकं जड झालं, मळमळलं तर आधी मोकळ्या हवेत या, मग १०८ ला फोन. इंजिन बंद करून लेकरांना आत ठेवणं तर त्याहून वाईट, अर्ध्या तासात आतलं तापमान वीसेक अंशांनी चढतं.

पण मला जास्त लागलं ते आपलं वागणं. मांडवाला लाखो रुपये घालतो आणि जो माणूस आपलं अख्खं कुटुंब सुखरूप आणतो त्याला एक गादी नाही? येत्या वैशाखात पुतणीचं लग्न आहे, कार्यालयवाल्याला सांगून ठेवलंय, एक खोली फक्त ड्रायव्हर लोकांची, दोन कूलर, सतरंज्या, पाण्याचा जार, आणि पहिल्या पंगतीत त्यांची पानं.