‘काका, याला नशीब म्हणतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सह्यवारा’ यांस,

क्वेबेकवरच्या माझ्या लेखाखाली आपण काल रात्री पावणेबाराला टाकलेली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. बाकीच्यांना खाली जाऊन शोधावी लागू नये म्हणून गोषवारा देतो. १३ सप्टेंबर १७५९ ला क्वेबेकच्या लढाईत इंग्रज सेनापती वुल्फ फ्रेंचांवर जिंकला तो निव्वळ नशिबाने; नदीच्या भरती-ओहोटीचा हिशेब धरून जिंकला हे माझं म्हणणं, म्हणजे पाणी-बिणी, सगळं नंतर चिकटवलेलं. पंधरा मिनिटांच्या लढाईत कॅनडा गेला हे फिल्मी. जाळलेल्या गावांबद्दल आणि मूळ रहिवाशांबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. फ्रेंच सेनापती माँकाल्मच्या मृत्यूची तारीख चुकली आहे. आणि शेवटी हे वाक्य : ‘काका, निवृत्तीनंतर वेळ जात नसेल तर समजू शकतो, पण भरती-ओहोटी आणि भांग ही तुमच्या जुन्या नोकरीची जाहिरात आहे, इतिहास नाही.’

तारखेचं आधी उरकतो. माँकाल्म १३ ला जखमी झाला आणि १४ च्या पहाटे गेला. मी १३ लिहिलं होतं. चूक माझी, आभार आपले.

आता ‘काका’. मी आपला काका नाही. आपलं वय मला माहीत नाही, नावही माहीत नाही, कारण आपण ते लिहिण्याची तसदी घेतलेली नाही. मी मात्र स्वतःच्या नावाने, फोटोसकट लिहितो. मतभेद असावेत, जरूर असावेत, पण समोरच्याच्या पेन्शनवर घसरल्याशिवाय ते मांडता येत नाहीत का? बारा वर्षं हा ब्लॉग चालवतोय. इथे लोक माझ्याशी कडाकडा भांडले आहेत, पण बसायला पाट घेऊन भांडले आहेत.

नोकरीची जाहिरात म्हणालात, तर होऊनच जाऊ द्या. अठ्ठावीस वर्षं मी बंदरांच्या कामावर पाणी मोजलं. दोरीला शिसं बांधून खोली घेण्यापासून ते पडद्यावर तळाची रेघ उमटेपर्यंत सगळं या हातांनी केलं. भांग म्हणजे आपल्याला वाटली ती शिवरात्रीची नव्हे. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, त्याला किनाऱ्यावरचं शेंबडं पोर भांग म्हणतं. त्या रात्री क्वेबेकवर वद्य अष्टमीच्या सुमाराचा अर्धा चंद्र होता. तो रात्री उशिरा पूर्वेला उगवला. होड्या येत होत्या पश्चिमेकडून, म्हणजे पहारेकऱ्याच्या नजरेला अंधाऱ्या बाजूने.

भांग होता तर ओढ कमी असणार, असं आता आपण म्हणाल. समुद्रात, हो. नदीत नाही. सेंट लॉरेन्ससारख्या नदीत सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की मागून नदीचं स्वतःचं पाणी तिला मिळतं आणि दोन्ही एकाच दिशेला धावतात. रात्री दोनच्या सुमारास पाणी फिरलं, इंग्रजांच्या सदरलँड जहाजाच्या डोलकाठीवर दोन कंदील चढले आणि सपाट बुडाच्या होड्या सुटल्या. चार वाजून गेल्यावर, उजाडायच्या आत, त्या क्वेबेकजवळच्या अ‍ॅन्स-ओ-फुलोंच्या कड्याखाली लागल्या. दोन-तीन तास आधी सुटल्या असत्या तर भरतीने त्यांना उलट्या वर ढकललं असतं, उशिरा सुटल्या असत्या तर उजेडात सापडल्या असत्या. ओढ इतकी होती की पहिल्या काही होड्या ठरलेल्या जागेच्या पुढे वाहत गेल्या. नशिबावर सोडलेल्या माणसाला घड्याळ बघायची गरज पडत नाही, सह्यवारा.

आणि ही त्या एका रात्रीची गंमत नव्हे. त्याआधीचे कित्येक दिवस अ‍ॅडमिरल होम्सची इंग्रज जहाजं भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली अशी नुसती झुलत होती आणि फ्रेंच अधिकारी बोगनविलची माणसं काठाने त्यांच्या मागे पायपीट करून मेटाकुटीला आली होती. त्याहीआधी, जूनमध्ये, ओर्लेआं बेटाखालच्या अवघड पट्ट्यातल्या खुणा फ्रेंचांनी काढून टाकल्या होत्या. मोठी जहाजं तिथून येणारच नाहीत अशी त्यांची खात्री. तिथे होड्यांतून खोली घेत फिरणाऱ्यांत जेम्स कुक होता, पुढे जगप्रसिद्ध झालेला दर्यावर्दी तोच. त्यालाही कुणीतरी म्हणालं असेल, वेळ जात नाही वाटतं.

नशिबाचा एक दाखला मात्र देतो. फ्रेंच पहारेकरी त्या रात्री आपल्याच धान्याच्या होड्यांची वाट बघत होते. त्या रद्द झाल्या होत्या आणि हे कुणी त्यांना कळवलंच नव्हतं. अंधारातून हाळी आली तेव्हा एका स्कॉटिश अधिकाऱ्याने फ्रेंचमध्ये उत्तर दिलं आणि होड्या पुढे सरकल्या. हे नशीब. घ्या.

मी तिथे गेलो आहे, हेही सांगतो, म्हणजे ‘घरबसल्या’ हा पुढचा बाण भात्यातच राहील. लेक माँट्रियलला असताना क्वेबेकला गेलो. कड्याखाली आता गाड्यांचा रस्ता आहे. ओहोटी लागल्यावर काठावरून लाकडाचा एक ढलपा पाण्यात टाकला आणि घड्याळ लावून त्याच्या बरोबरीने चालायला लागलो. थोड्याच वेळात धावावं लागलं. गुडघा तेव्हाही दुखराच. सौ. बाकावर डबा उघडून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘जाऊ द्या ना, गेला तो.’ आपण कधी कुठल्या पाण्यात ढलपा टाकला आहे?

बाकीचे मुद्दे. गावं जाळली, हो, चौदाशेहून अधिक शेतघरं जाळली. लेख पाण्यावर होता, आगीवर नव्हता. मूळ रहिवाशांवर लिहायचं तर स्वतंत्र लिहावं लागेल, बघू. ‘मराठीत हे कशाला’ असंही आपण ओझरतं विचारलंत. त्याच युद्धात, म्हणजे सप्तवार्षिक युद्धात, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली, आणि ती पडली पानिपताच्याच आठवड्यात, जानेवारी १७६१ मध्ये. पुरे?

राहिली ती पंधरा मिनिटं. आपण म्हणता, खरा निकाल पुढच्या वर्षी लागला : २८ एप्रिल १७६० ला क्वेबेकजवळच्या सेंत-फ्वामध्ये फ्रेंच सेनापती लेव्हीने इंग्रजांना हरवलं, त्यांची हजारावर माणसं मेली-जखमी झाली, क्वेबेकला पुन्हा वेढा पडला, आणि मे महिन्यात पहिलं जहाज इंग्रजांचं आलं म्हणून शहर वाचलं. बरोबर आहे. मी ते एका ओळीत गुंडाळलं, कारण लेख लांबत होता. पण जहाज आलं कशावरून? रस्त्यावरून आलं का? ९ मे ला लोवेस्टॉफ्ट नदीतूनच वर आलं ना? मग आपण इतक्या तावातावाने माझंच म्हणणं मला ऐकवत आहात, आणि वर मला काका म्हणत आहात.

असो. तारीख १४ केली आहे, पान पुन्हा उघडून बघा. ‘पंधरा मिनिटं’ तशीच ठेवतो आहे.