पर्यावरणप्रेमी सदनिकाधारकांसाठी काही हितकारक सूचना

पर्यावरणाचे रक्षण करावे, अशी इच्छा आपल्यापैकी बहुतेकांना असते. परंतु त्यासाठी खरोखरच काही करावे लागेल की काय, या भीतीने अनेक जण मागे राहतात. ही भीती अनाठायी आहे. पुण्यातील एका सात मजली गृहनिर्माण संस्थेत बरीच वर्षे राहिल्यानंतर, आणि तेथील यंदाचा पर्यावरण दिनाचा सोहळा व त्यामागून आलेला आठवडा अगदी जवळून पाहिल्यानंतर, मी खात्रीने सांगू शकते की, स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची बादली आहे तशीच ठेवूनही माणसाला पर्यावरणप्रेमी म्हणून उत्तम नाव कमावता येते. नवोदितांना उपयोग व्हावा म्हणून ही विद्या येथे खुली करीत आहे.

आरंभ अर्थातच ५ जूनपासून करावा. १९७३ पासून जगभर पाळला जाणारा हा दिवस आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो, हे निसर्गाचे आपल्यावर मोठेच उपकार आहेत, कारण लावलेल्या रोपाला पाणी घालण्याची जबाबदारी परस्पर ढगांवर ढकलता येते. रोप एकच असले तरी चालते, मात्र त्याला हात लावून उभे राहणारे भरपूर असावेत आणि त्यांतील एकाचेही तोंड रोपाकडे नसावे. पाठीमागे 'झाडे लावा, झाडे जगवा' असा फ्लेक्स हवाच. तो पीव्हीसीचा असल्यामुळे झाडाच्या कितीतरी पटीने जगतो, म्हणजे त्या दिवशी लावलेल्यांपैकी काहीतरी जगल्याचे समाधान लाभते. प्रमुख पाहुण्यांना सेलोफेनच्या कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ द्यावा आणि उपस्थितांना २०० मिलीलिटरच्या पाण्याच्या बाटल्या वाटाव्यात. प्रत्येकाने दोन घोट पिऊन ती बाटली खुर्चीखाली ठेवायची असते. रोप जुलैअखेर वाळले तर 'इथली जमीनच खडकाळ' एवढे म्हणून पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे लावावे. खड्डा खणण्याचे श्रम वाचतात.

पाण्याविषयी एकच सूचना: पाइप लावून गाडी धुताना टँकरवाल्यांच्या वाढलेल्या दरांवर मोठ्याने बोलत राहावे.

कापडी पिशवी प्रत्येक पर्यावरणप्रेमी माणसाकडे असलीच पाहिजे, किंबहुना ती एव्हाना दहा-पंधरा तरी असतीलच, कारण हल्ली लग्नापासून बँकेच्या शाखेच्या उद्घाटनापर्यंत सगळीकडे त्याच वाटतात. त्या सर्व गाडीच्या डिकीत नीट घडी करून ठेवाव्यात आणि मंडईत रिकाम्या हाताने उतरावे. महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली, तेव्हापासून भाजीवालीजवळ पातळ पिशवी सापडली तर पहिल्या वेळेचा दंड ५,००० रुपये आहे. म्हणून ती बिचारी 'पिशवी नाही' असे सांगते. तसे तिने सांगितल्यास 'मग धंदा कशाला करता?' असे तिला जरूर विचारावे. कोथिंबिरीच्या जुडीवर ताणून चार रुपये कमी केले असतील, तर या प्रश्नाला अधिकच धार येते.

निर्माल्य नदीतच सोडावे. महापालिकेने पुलांवर उंच जाळ्या बसवल्या आहेत खऱ्या, परंतु श्रद्धेला उंची आडवी येत नाही, आणि निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली म्हणजे ते जाळीवरून नेमके मुठेच्या पात्रात जाऊन पडते.

आता गांडुळांकडे वळू. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचे पाणी साठवण्याची सोय यांपैकी एखादा प्रकल्प असलेल्या मिळकतींना सर्वसाधारण करात ५ टक्के, आणि दोन वा अधिक असल्यास १० टक्के सवलत देते. प्रकल्प असला पाहिजे, असे तेथे म्हटले आहे. त्यात गांडुळे असली पाहिजेत, असा त्याचा अर्थ आपण का काढावा? आमच्या इमारतीमागे विटांचा एक सुबक हौद आहे. त्यात सध्या दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीच्या मखराचे थर्माकोल, हवा गेलेली एक तीन चाकी सायकल आणि 'ओला कचरा येथे टाकावा' अशी पाटी, पालथी पडलेली, एवढा ऐवज आहे. सवलत मात्र दर वर्षी वेळेवर मिळते, आणि ताळेबंदात ती वाचून दाखवली की सभेत टाळ्याही पडतात.

यानंतर कचरा वेगळा करण्याचा नाजूक विषय येतो. येथे सूचना अगदी सोपी आहे: करू नये. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घराने कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन भागांत देणे बंधनकारक केले, आणि सॅनिटरी पॅड व डायपर नीट गुंडाळून वेगळे द्यावेत, असेही स्पष्ट लिहिले. इतकी वर्षे ज्याकडे आपण दुर्लक्ष करू शकलो, त्या नियमापुढे आता मान तुकवणे हा सातत्याचा अपमान होईल. तेव्हा एक काळी पिशवी घ्यावी. तिच्यात कालचे वरण, कांद्याची साले, औषधांची पाकिटे, दाढीचे पाते, बाळाचा डायपर, वेफर्सची चकचकीत वेष्टने आणि वृत्तपत्राची रद्दी एकत्र करावी, वर एकावर एक दोन गाठी माराव्यात आणि दाराबाहेर ठेवून हात स्वच्छ धुवावेत. पुढे त्या पिशवीचे काय होते, हा आपला विषय नव्हे. त्यासाठी महिन्याला शंभराच्या आतबाहेर रक्कम आपण देतोच, तीही दोनदा मागितल्यावर.

ते पुढे काय होते, हे मला माहीत असण्याचे कारण एवढेच की, पर्यावरण दिनानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी दूध आणायला उतरले असताना मी ते पाहिले. आमच्याकडे कचरा नेणाऱ्या मावशी पार्किंगमध्ये पिशव्या उघडून बसल्या होत्या. त्यांनी एका पिशवीची गाठ सोडली, आत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. वरणभाताच्या खाली लोणच्याची फुटकी बरणी होती. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जागा खोलवर चिरली होती, रक्तात हळदीचे पिवळे वरण मिसळले होते, आणि त्या घाईघाईने गाड्या धुण्याच्या नळाकडे निघाल्या होत्या, कारण फरशीवर डाग पडले तर पुन्हा त्यांनाच बोलणी बसली असती. हातमोजे त्यांच्या कमरेला खोचलेले होते. मी विचारले, तर म्हणाल्या, "ताई, मोजे घालून गाठ सुटत नाही. दोन-दोन गाठी मारतात. नखानंच सोडावी लागते."

पिशवीत एका कुरिअरचे पाकीट होते आणि त्यावर सदनिकेचा क्रमांकही होता. तो मी कोणालाही सांगितलेला नाही, कारण नंतर बाकीच्या पिशव्या पाहिल्या तेव्हा तो कोणाचाही असू शकला असता, हे ध्यानात आले. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी इतकेच लिहिले की, काच कागदात गुंडाळून, वर 'काच' असे लिहून, वेगळी द्यावी. त्यावर आलेली उत्तरे नवोदितांनी पाठ करून ठेवावीत, इतकी ती उपयुक्त आहेत. "त्यांनी ग्लोव्ह्ज घालायला नकोत का?" "आपण पैसे देतो की." "आमच्याकडे बाई करते, तिला सांगून ठेवते." "शेवटी गाडीत सगळे एकत्रच करतात हो." मधेच कोणीतरी सुप्रभाताचे गुलाब पाठवले. अखेरीस पदाधिकाऱ्यांनी 'हा गट केवळ सोसायटीच्या कामासाठी आहे, विषय येथेच थांबवावा' असे कळवले आणि वृक्षारोपणाची राहिलेली छायाचित्रे टाकली. त्यांना पस्तीस अंगठे मिळाले. मावशी टाके घालून घरी बसल्या, तेवढ्या दिवसांचे पैसे कापावेत की नाही यावर मात्र गंभीर आणि दीर्घ चर्चा झाली, आणि ती सोसायटीच्या कामात बसली.

'शेवटी सगळे एकत्रच करतात' हे वाक्य इतक्या विश्वासाने उच्चारणाऱ्यांपैकी एकानेही खाली उतरून पाहिलेले नाही. या शहरात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. साडेतीन हजारांहून अधिक माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, हे काम करतात. घराकडून मिळणारे शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, यांवर त्यांचे घर चालते. पुठ्ठा कोरडा असेल तर भंगाराच्या दुकानात त्याला भाव आहे. त्यावर आपली आमटी सांडली की तोच पुठ्ठा दुकानदार बाजूला फेकतो. म्हणजे आपण कंटाळा करतो तेव्हा केवळ आळस करत नसतो, आपण रोज सकाळी एका बाईच्या मजुरीतला हिस्सा काढून घेत असतो, आणि वर तिलाच विचारत असतो की, आज उशीर का झाला. वेफर्सच्या वेष्टनाला तर भंगारात सहसा भावच नसतो, कारण प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर चिकटवलेले ते वेष्टन फारसे कोणी विकत घेत नाही. ते मावशी फुकट वाहतात.

आणि जे खरोखर एकत्र जाते, ते कोठे जाते? ते पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या कचरा डेपोत गेले. तीन दशके गेले. पालखीबरोबर सासवड रस्त्याने दिवे घाटापर्यंत चालत गेलेल्यांना तो वास आठवत असेल. आपण नाकाला रुमाल लावून, माउलींचे नाव घेत पुढे निघून गेलो, आणि गावकरी तेथेच राहिले. ओला कचरा हवेवाचून खाली दाबला गेला की मिथेन तयार होतो आणि ढिगाला आग लागते; त्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते. त्या गावांतल्या विहिरींचे पाणी असे नासले आणि पिण्यासाठी टँकर सुरू झाले. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आपल्या कोपऱ्यांवर कचऱ्याचे ढीग साठले, आणि पुणेकर चिडले. कोणावर? गावकऱ्यांवर! ते आपली अडवणूक करतात म्हणून! मुंबईत याच गोष्टीचे नाव देवनार आहे, आणि २०१६ च्या जानेवारीतला तिथला धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, तरी गोवंडीत राहणाऱ्यांशिवाय फारसे कोणी खोकले नाही.

मला येथे पुढची सूचना द्यायची होती. बांबूच्या टूथब्रशविषयी, धातूच्या स्ट्रॉविषयी आणि तांब्याच्या बाटलीविषयी काही चटपटीत लिहावे, असा बेतही होता. परंतु हौशी वस्तू विकत घेण्यात तुम्हाला माझ्या मार्गदर्शनाची गरज नाही, त्यात तुम्ही कधीच पुढे निघून गेला आहात. ज्या कामाचे छायाचित्र निघत नाही, तेवढेच तेवढे तुम्हाला जमत नाही.

तुम्ही पदव्या घेतलेली माणसे आहात. परदेशात मुलाकडे गेलात की तिथल्या रंगीबेरंगी कचराकुंड्यांचे कौतुक महिनाभर सांगता, तिथे दुधाचा डबा धुऊन, चेपून, ठरलेल्या वारी ठरलेल्या डब्यात टाकता, आणि विमानतळावरून घरी येईपर्यंत ती सगळी अक्कल कोठे हरवते? तिथे दंड होतो म्हणून वागता आणि इथे कोणी विचारणार नाही म्हणून वागत नाही, इतके हे साधे आहे. वेळ नाही, हे कारण सांगू नका. सालीचा हात डावीकडच्या बादलीत जायचा तो उजवीकडच्या बादलीत जातो, याला वेळ लागत नाही. जागा नाही, हेही सांगू नका; चपलांसाठी तुम्ही जिन्यात कपाट केले आहे. आणि घरकाम करणाऱ्या बाईला सांगून ठेवते, हे तर मुळीच सांगू नका. डायपर तुमच्या नातवाचा आहे, तो कागदात गुंडाळून, आत काय आहे हे उचलणाऱ्याला कळावे म्हणून त्यावर लाल ठिपका काढण्याइतकी ताकद तुमच्या हातात आहे.

सगळ्यांत लाज वाटावी, अशी गोष्ट तर अजून लिहिलीच नाही. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत आपण एकमताने ठराव केला की, कचरा नेणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये, वास येतो. तो कचरा सकाळपर्यंत तुमच्याच घरात होता. तुमच्या जेवणाच्या टेबलापासून चार पावलांवर होता, तेव्हा त्याला वास नव्हता. तो दुसऱ्या कोणाच्या हातात गेल्यावरच त्याला वास आला. कुत्र्याला लिफ्टमधून नेता. फर्निचर नेता, रंगाचे डबे नेता. पन्नाशी ओलांडलेली बाई मात्र भरलेल्या बादल्या घेऊन सात मजले पायऱ्या उतरते, आता टाके घातलेल्या हाताने उतरते, आणि तिने पिण्याचे पाणी मागितले तर वॉचमनच्या केबिनकडे बोट दाखवता. तेथे शौचालय आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली कार्यालयात आहे आणि कार्यालय संध्याकाळी उघडते.

पुढच्या सभेची नोटीस लागली आहे. लिफ्टचा ठराव मागे घेणे, शौचालयाचे कुलूप काढणे, आजारपणाच्या दिवसांचे पैसे न कापणे आणि मागचा हौद रिकामा करून त्यात खरोखर गांडुळे सोडणे, हे चार विषय मी लेखी दिले आहेत. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे, आणि नोटीस फलकाशेजारी दोरीला पेन बांधलेले आहे.