कनेक्शन किती तासांचे, त्याआधी तिकिटे किती ते पाहा

गणपतीच्या आधी दोन-तीन महिने आणि पुन्हा मे महिन्याच्या तोंडावर आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो. कोणाचा मुलगा मस्कतहून येत असतो, कोणाचा पुतण्या बोटीवरून साइन-ऑफ होऊन, म्हणजे बोटीवरची मुदत संपवून, येत असतो, आणि तिकीट काढण्यापूर्वी घरचे कोणीतरी विचारते की मुंबईत विमान बदलायला दोन तास मिळतात, तेवढे पुरतील ना? माझे मत असे आहे की हा प्रश्नच दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की ही दोन विमाने एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) आहेत की दोन वेगळ्या तिकिटांवर? पहिले विमान रखडले तर पुढचे सारे रामायण या एकाच गोष्टीवर ठरते.

एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असले आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर तुम्हाला मुक्कामाला पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. पुढच्या ज्या विमानात जागा असेल त्यात ती तुम्हाला बसवते आणि त्याचे जादा पैसे घेत नाही. त्या एका तिकिटावर दोन निरनिराळ्या कंपन्यांची विमाने असली तरी चालते, कारण त्यांच्यात तसा करार असल्याशिवाय असे तिकीट निघतच नाही. याउलट दोन तिकिटे वेगळी असली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता. तुमचे आधीचे विमान चार तास उशिरा उतरले, याच्याशी तिला काही देणेघेणे नसते. ते तिकीट बुडते आणि ऐनवेळच्या दराने नवे काढावे लागते. गणपतीच्या आठवड्यात मुंबई ते मोपा (गोव्याचा नवा विमानतळ) या टप्प्याचा ऐनवेळचा दर काय असतो, हे ज्यांनी एकदा भरले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

माझी खरी तक्रार तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांविषयी आहे. दोन स्वतंत्र तिकिटे शेजारी शेजारी ठेवून एकच प्रवास असल्यासारखी ती दाखवतात, वर सर्वांत स्वस्त म्हणून पहिल्या ओळीत मांडतात, आणि मध्ये सामान स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागेल ही गोष्ट इतक्या बारीक अक्षरांत लिहितात की मोबाइलवर ती डोळ्यांखालून सहज निसटते. आमच्या शेजारच्या काकींना त्यांच्या मुलाने असेच तिकीट पाठवले, तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न मला कोणत्याही ग्राहक मार्गदर्शिकेपेक्षा नेमका वाटला: ‘‘पयला विमान उशिरा इला, तर दुसऱ्याचा तिकीट कोण काढतलो?’’ दोन-तीन हजार रुपये वाचवण्याच्या नादात हा धोका आपण स्वतःच्या अंगावर घेतो, आणि तो घेतला आहे हे बहुतेकांना ठाऊकही नसते.

एकाच तिकिटाची एक अट मात्र ध्यानात ठेवायला हवी. त्यातला पहिला टप्पा तुम्ही न कळवता सोडला, तर पुढचे टप्पे आपोआप रद्द होतात. विमान फारच रखडले म्हणून वैतागून गाडी काढून थेट मुंबई गाठावी आणि तिथून पुढचे विमान पकडावे, असा विचार कोणी करत असेल तर आधी कंपनीशी बोलून तिकिटात तसा बदल करून घ्यावा.

आता परदेशातून येणाऱ्यांविषयी. येथे एकच तिकीट असूनही वेळेचे गणित कोलमडते, कारण भारतात ज्या विमानतळावर तुम्ही प्रथम उतरता तिथेच इमिग्रेशन होते आणि तिथेच सामान ताब्यात घेऊन कस्टम्समधून बाहेर काढावे लागते. बॅगेला मोपापर्यंतचा टॅग लावलेला असला तरी सर्वसाधारणपणे हेच लागू होते. आखातातून येणारी बरीच विमाने रात्री-पहाटे उतरतात. अशा वेळी मुंबईत सहारच्या विमानतळावर टी-२ या टर्मिनलला इमिग्रेशनची रांग कशीबशी संपवून पट्ट्याशी यावे, तर तिथे एकामागून एक दोऱ्यांनी आवळलेले खोके फिरत असतात, त्यांवर मार्करने मोठ्या अक्षरांत मालकाचे नाव आणि खाली ‘जि. रत्नागिरी’ लिहिलेले असते, आणि आपला खोका तेवढा दिसत नसतो. तो मिळाल्यावर कस्टम्स, मग पुढच्या प्रवासासाठी सामान पुन्हा देण्याचा काउंटर, मग पुन्हा सुरक्षा तपासणी. देशांतर्गत विमानांचे चेक-इन साधारण तासभर आधी बंद होते आणि गेट वीस-पंचवीस मिनिटे आधी. दोन तासांच्या कनेक्शनमधून एवढे वजा करून पाहा, म्हणजे पहिल्या विमानाला उशीर व्हायला किती वाव उरतो ते समजेल. पुढचे विमान टी-१ वरून असेल तर सामानासह रस्त्याने तिकडे जाण्याचा वेळही धरावा लागतो. म्हणून परदेशातून येऊन मुंबईत विमान बदलायचे असेल तर चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये असे मी सांगते, आणि तिकिटे दोन असतील तर मध्ये एक रात्र जाऊ द्यावी असे सांगते. लोकांना ते फार वाटते. मला वाटत नाही.

त्यात आता मुंबईला विमानतळही दोन झाले आहेत. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आणि तिकिटावर शहराचे नाव नुसते ‘मुंबई’ एवढेच वाचून पुढे जाणाऱ्यांची गफलत होण्याची सोय झाली. गोव्याचा अनुभव आपल्याला आहेच. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, हा एका अक्षराचा फरक न पाहिल्यामुळे पाहुणा एकीकडे आणि त्याला आणायला गेलेली गाडी दुसरीकडे असे प्रकार घडतात. उतरण्याचा आणि पुढे निघण्याचा विमानतळ एकच आहे ना, हे कोडवरून पडताळावे. नावावर जाऊ नये.

विमानाला उशीर का होतो, हे समजून घेतले तर निवड करणे सोपे जाते. एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फिरत असते. सकाळी कुठेतरी पाऊण तास गेला की तो पुढच्या प्रत्येक फेरीत वाहत जातो आणि संध्याकाळपर्यंत बहुधा वाढतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते. आपल्याकडे मोपा काय किंवा सिंधुदुर्गातले चिपी काय, दोन्ही विमानतळ सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर आहेत, आणि आषाढ-श्रावणात सड्यावर ढग उतरले की समोरचे झाड दिसत नाही. अशा वेळी वैमानिकाने विमान उतरवले नाही म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही. मात्र पावसाळ्यात ज्यांना पुढचे कनेक्शन पकडायचे आहे त्यांनी दिवसातले पहिले विमान घ्यावे, आणि त्या मार्गावर दिवसात आणखी किती विमाने आहेत हेही पाहावे. चिपीहून फेऱ्या मोजक्याच असतात. एक रद्द झाली तर पर्यायी विमान कदाचित दुसऱ्या दिवशीचे किंवा दुसऱ्याच विमानतळावरचे असते. चिपी आपल्या दारात आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये ते सुरू झाले तेव्हा आम्हा सर्वांनाच आनंद झाला होता, तरीही परदेशी जाणाऱ्या माणसाला पावसाळ्यात मी मोपाहूनच जायला सांगते, कारण तिथे एक विमान चुकले तरी दुसरे मिळण्याची शक्यता अधिक असते.

विमान रखडल्याचा संदेश आला की बहुतेक लोक वाट पाहत बसतात आणि पुढचे पुढे पाहू म्हणतात. इथेच वेळ हातची जाते. पुढचे विमान चुकणार हे हिशेबाने दिसत असेल, तर निघण्याच्या विमानतळावरच काउंटरवर जाऊन दुसरी व्यवस्था मागावी, कारण त्या वेळी पुढच्या विमानांत जागा असतात आणि मागणारे तुम्ही एकटे असता. तेच मुंबईत किंवा दोह्यात उतरल्यावर मागायला गेलात, तर तुमच्याच विमानातील पन्नास माणसे त्याच रांगेत उभी असतात. कर्मचारी पुष्कळदा सांगतात की तुम्ही पुढे चला, तिथे सगळे होईल. अशा वेळी नम्रपणे पण ठामपणे विचारावे की पुढच्या विमानात माझी जागा आत्ता निश्चित झाली आहे का, आणि तसे तिकिटावर दिसते का? दिसत नसेल आणि कनेक्शन हुकणार हे उघड असेल, तर मध्येच कुठेतरी अडकण्यापेक्षा घराजवळ अडकलेले बरे. मोपाहून रात्री घरी येऊन जेवून झोपता येते, परमुलखातील विमानतळावर खुर्चीवर रात्र काढावी लागते.

निघायचेच ठरले, तर आसन पुढच्या रांगेत मागावे, औषधे, कागदपत्रे आणि एका दिवसाचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवावेत आणि विमानातील कर्मचाऱ्यांना पुढच्या विमानाची वेळ सांगून ठेवावी. काही वेळा ते उतरताना आधी सोडतात, काही वेळा सोडत नाहीत. उतरल्यावर रांगेत उभे राहतानाच कंपनीचे ॲप उघडावे आणि फोनही लावावा, ज्याचे आधी लागेल ते खरे. येथे एक खास आपल्याकडची गोष्ट सांगायला हवी. जाताना आई-आजी प्रेमाने सुके खोबरे बांधून देतात, पण त्यातील तेलामुळे ते ज्वलनशील मानले जाते आणि चेक-इनच्या सामानात चालत नाही. तपासणीत ते दिसले की बॅग उघडायला प्रवाशाला बोलावून घेतात, आणि ज्याचे विमान सुटायच्या बेतात आहे त्याला हे अजिबात परवडणारे नसते. पॉवर बँकही त्या बॅगेत चालत नाही, ती हातातच ठेवावी लागते.

हक्कांचे म्हणाल तर भारतातील नियम रद्द झालेल्या विमानाबद्दल बरे आहेत आणि उशिराबद्दल कंजूष आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर असेल तर खाणेपिणे द्यावे लागते, आणि उशीर सहा तासांच्या वर गेला तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांतून निवड करण्याची मुभा प्रवाशाला असते. पण निव्वळ उशिराबद्दल रोख भरपाई मिळत नाही. त्या उशिरामुळे तुमचे वेगळे काढलेले तिकीट बुडाले, लग्नाचा मुहूर्त टळला किंवा बोट सुटली, याचा हिशेब हा नियम करत नाही, आणि तो करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

युरोपात निदान उशिराबद्दल भरपाई तरी मिळते. तेथील २६१/२००४ क्रमांकाच्या नियमानुसार युरोपीय संघातील विमानतळावरून निघालेला प्रवासी, कंपनी कोणत्याही देशाची असो, शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा त्याहून उशिरा पोहोचला तर भरपाई मागू शकतो. लांबच्या प्रवासाला ती ६०० युरोपर्यंत जाते. हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तर मात्र ती मिळत नाही. आपल्या कोकणातील कितीतरी मुले रॉटरडॅम, हॅम्बुर्ग, अँटवर्पसारख्या बंदरांत बोटीवरून उतरून घरी येतात. त्यांचे तिकीट मोपापर्यंत एकाच पीएनआरवर असेल आणि आखातातील कनेक्शन पहिल्या विमानाच्या उशिरामुळे चुकले, तर हा नियम त्यांना लागू होतो. तिकीट शिपिंग कंपनीने काढलेले असले तरी भरपाईचा हक्क प्रवास करणाऱ्याचा असतो. पोरे घरी पोहोचल्याच्या आनंदात बोर्डिंग पास फेकून देतात. तो जपून ठेवावा, उशिराचे कारण कंपनीकडून ईमेलने किंवा संदेशाने मागून घ्यावे, आणि घरी आल्यावर निवांतपणे अर्ज करावा. खलाशांसाठीच्या मरीन तिकिटांत तारीख बदलण्याची सोय सहसा अधिक सैल असते, हेही एजंटाला विचारून ठेवावे.

राहिला रेल्वेचा प्रश्न, कारण आपल्यापैकी अनेकांचा शेवटचा टप्पा कोकण रेल्वेनेच असतो. रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांचे पीएनआर जोडण्याची सोय दिली आहे, म्हणजे पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे परत मागता येतात. विमान आणि रेल्वे यांच्यात असा कोणताही धागा नाही. विमान उशिरा उतरले म्हणून रेल्वे पैसे देत नाही आणि गाडी चुकली म्हणून विमान कंपनी देत नाही. म्हणून संध्याकाळी मुंबईत उतरून त्याच रात्रीच्या कोकणकन्येचे आरक्षण काढणे मला धाडसाचे वाटते, मग ते कितीही जमून आल्यासारखे दिसो. दुसऱ्या दिवशीची गाडी घ्यावी आणि रात्र ठाण्या-डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे काढावी. त्याच रात्री निघण्यावाचून गत्यंतर नसेल, तर किमान सीएसएमटी गाठण्याचा हट्ट धरू नये. कोकणकन्या दादर, ठाणे आणि पनवेललाही थांबते. सहारहून ठाणे आणि नवी मुंबई विमानतळाहून पनवेल गाठणे सोयीचे पडते, फक्त बोर्डिंग स्टेशन आरक्षण करतानाच तसे टाकावे किंवा चार्ट तयार होण्यापूर्वी बदलून घ्यावे.